आडनावाआडचा बॉक्सर

मंडळाच्या मागच्या बैठकीत 'आडनावांच्या गोष्टी' हा विषय होता. कुलकर्णी, देशपांडे, देसाई झाले, आणि मग मी फळ्यावर चार नावं लिहिली. जॉनी डंडी. मुशी कॅलहन. मुहम्मद अली. गेनाडी गोलोवकिन. चौघंही बॉक्सर, चौघंही जगज्जेते. म्हटलं, नुसत्या नावावरून सांगा, यातला कोण कुठल्या वंशाचा?

उत्तरं पटापट आली. डंडी हे स्कॉटलंडमधलं शहर, म्हणून तो स्कॉटिश. कॅलहन आयरिश. अली तर सगळ्यांना माहीत, आफ्रिकन वंशाचा अमेरिकन. गोलोवकिन रशियन. त्यातली दोन उत्तरं साफ चुकली आणि दोन अर्धीच बरोबर आली. घंटा झाली, त्यामुळे पुढचं सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहितो.

हा खेळ आपल्याला परका नाही, हे आधी कबूल करायला हवं. बेळगावात नवीन माणूस भेटला की नाव ऐकून झाल्यावर 'आणि आडनाव?' हा प्रश्न येतोच. आडनाव कळलं की मराठीत बोलायचं की कन्नडमध्ये, घरी काय खात असतील, मत कुणाला देत असतील, इथपर्यंत आपण मनातल्या मनात पोचतो. आणि समोरचा जर 'पाटील' म्हणाला, तर गाडी अडते. आमच्या वर्गात तीन पाटील होते. एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी कन्नड, तिसरा मुसलमान. पाटीलकी हे गावाचं काम होतं. ज्या घराकडे ते होतं, त्या घराला ते नाव चिकटलं. आडनावानं कामाचा पत्ता दिला, रक्ताचा नाही. बॉक्सिंगच्या इतिहासातही हेच झालं आहे. फरक एवढाच की तिथे नावावर तिकिटं विकली जायची.

आधी कॅलहनचं बघू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडालं, भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश माणसं अमेरिकेत गेली. तिथे त्यांच्या वाट्याला आली हमाली, खोदकाम, आणि ठोसेबाजी. बोस्टनचा जॉन एल. सलिव्हन हा आयरिश आईबापांचा मुलगा १८८२ मध्ये जगज्जेता झाला. १८९२ मध्ये त्याला हरवलं जेम्स कॉर्बेटनं, तोही आयरिश घरातला. पुढे बराच काळ लोकांच्या डोक्यात बॉक्सर म्हणजे आयरिश हे समीकरण पक्कं बसलं. तिकीट काढणाऱ्यांतही आयरिश पुष्कळ. मग सामने भरवणाऱ्यांनी सरळ हिशेब केला. पोरगा कुठलाही असो, जाहिरातीच्या कागदावर नाव आयरिश पाहिजे.

मुशी कॅलहनचं खरं नाव होतं व्हिन्सेंट मॉरिस शीअर. ज्यू होता. 'मुशी' म्हणजे मोईशे, आपण ज्याला मोशे म्हणतो त्याचंच घरगुती रूप. म्हणजे पहिल्या नावात ज्यू उरला आणि आडनावात आयरिश बसला. १९२६ मध्ये तो ज्युनिअर वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. फेब्रुवारी १९३० मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याची गाठ पडली जॅक 'किड' बर्गशी. हा बर्ग म्हणजे लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीतला जूडा बर्गमन, तोही ज्यू. आडनावाचं शेपूट त्यानंही छाटलं होतं, पण त्याच्या चड्डीवर दाविदाचा तारा असायचा. नुसती नावं वाचणाऱ्याला वाटेल की आयरिश विरुद्ध ज्यू असा सामना झाला. प्रत्यक्षात रिंगमध्ये दोन ज्यू पोरं होती. एकानं नाव झाकलं होतं, दुसऱ्यानं तारा मिरवला होता. बर्ग जिंकला.

झाकायचं कारण नेहमी तिकीटच असायचं असं नाही. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीतला बेंजामिन लायनर हा 'बेनी लिओनर्ड' झाला, तो आईला कळू नये म्हणून, असं सांगतात. सनातनी ज्यू घरात मुलानं पैशासाठी मारामारी करणं म्हणजे घराण्याला काळिमा. मे १९१७ मध्ये या लिओनर्डनं फ्रेडी वेल्शला हरवून लाइटवेटचं जगज्जेतेपद मिळवलं. आता हा 'वेल्श' कोण? वेल्समधल्या पाँटिप्रिडचा फ्रेडरिक हॉल थॉमस. थॉमस आडनावावरून परदेशात कुणाला काय कळणार? म्हणून त्यानं देशाचं नावच आडनाव म्हणून लावलं. एकाच रिंगमध्ये एक जण आपलं मूळ लपवणारा आणि दुसरा ते कपाळावर लिहून हिंडणारा. दोघांच्याही जन्मदाखल्यावर मात्र तिसरंच काही.

जॅक डेम्प्सीचा गुंता तर याहून मजेशीर आहे. १९१९ ते १९२६ हेवीवेटचा जगज्जेता असलेला डेम्प्सी कोलोरॅडोतल्या मनासा गावचा, म्हणून त्याला 'मनासा मॉलर' म्हणत. आपण 'मनासाचा मारकुटा' म्हणू. त्याचं मूळ नाव विल्यम हॅरिसन डेम्प्सी. 'जॅक' हे त्यानं आधीच्या पिढीतल्या जॅक डेम्प्सी नावाच्या नावाजलेल्या बॉक्सरवरून घेतलं. तो पहिला डेम्प्सी १८९५ मध्ये वारला, त्याच वर्षी हा दुसरा जन्मला. आणि तो पहिला डेम्प्सी मुळात डेम्प्सी नव्हताच. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात जन्मलेला तो जॉन एडवर्ड केली. म्हणजे दुसऱ्याचं आडनाव खरं आणि पहिलं नाव उसनं, आणि ज्याच्याकडून उसनं घेतलं त्याचं आडनावच उसनं!

आता फळ्यावरचा डंडी. जुझेप्पे कॅरोरा, सिसिलीतल्या शाका गावात १८९३ मध्ये जन्मलेला इटालियन. न्यूयॉर्कमध्ये त्याला मॅनेजर भेटला स्कॉटी मॉन्टीथ, आणि त्यानं पोराचं नाव ठेवलं जॉनी डंडी. सिसिलीच्या पोराला स्कॉटलंडमधल्या शहराचं नाव मिळालं ते असं. लोकांना अर्थातच सगळं माहीत होतं. म्हणून त्याला टोपणनाव पडलं 'स्कॉच वॉप'. वॉप ही इटालियनांना हिणवायची शिवी. आडनावानं जे झाकलं ते टोपणनावानं उघडं केलं, आणि तेही शिवी देऊन. वर्तमानपत्रं हे बिनदिक्कत छापत. १९२३ मध्ये हा डंडी फेदरवेटचा जगज्जेता झाला.

गोष्ट इथे संपत नाही. फिलाडेल्फियात मिरेना नावाचं एक इटालियन कुटुंब होतं. त्यातला एक भाऊ बॉक्सिंग करू लागला तेव्हा त्यानं जॉनी डंडीच्या आदरापोटी 'डंडी' हे नाव घेतलं. पाठोपाठ त्याच्या भावांनीही तेच लावलं. त्यातला धाकटा अँजेलो डंडी पुढे मुहम्मद अलीचा प्रशिक्षक झाला. म्हणजे अलीच्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस इटालियन, त्याचं आडनाव स्कॉटिश शहराचं, आणि ते आलं एका सिसिलियन बॉक्सरकडून, ज्याला ते दिलं होतं त्याच्या मॅनेजरनं. वंशावळ काढायला बसलं तर या आडनावात रक्ताचा एकही दुवा सापडायचा नाही. मला मात्र यात एक वेगळी वंशावळ दिसते. गुरूचं नाव लावण्याची पद्धत आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांत आहे, तशातलीच ही.

इटालियनांचे दिवस पालटले की नाही, हेही नावावरूनच कळतं. रॉकी मार्चियानो, ४९ लढती आणि एकही हार नाही असा हेवीवेट जगज्जेता. मूळ नाव रोक्को फ्रान्सिस मार्केजानो, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनचा. १७ मार्च १९४७ ला त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली ती 'रॉकी मॅक' या नावानं. तारीख बघा, सेंट पॅट्रिकचा सण, आयरिश लोकांचा मोठा दिवस! पुढे निवेदकांना मार्केजानो उच्चारता येईना. 'मॅक' कायम ठेवावं अशी सूचना झाली. त्यानं ती मानली नाही. आडनाव आखूड केलं पण इटालियनच ठेवलं. डंडीला जे परवडलं नसतं ते मार्चियानोला परवडलं, कारण तोवर इटालियन प्रेक्षकही तिकिटाला पैसे मोजत होता.

याच आडनावात आणखी एक गंमत दडली आहे. मार्केजानो म्हणजे इटलीच्या मार्के प्रांतातला. पण रॉकीच्या वडिलांचं गाव रिपा तेआतिना, ते आहे शेजारच्या आब्रुत्सो प्रांतात. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. साताऱ्यात कुणी कुणाला सातारकर म्हणत नाही, सगळेच तिथले. सातारकर हे नाव सातारा सोडल्यावर पडतं. 'कर' लावणारं आडनाव बहुतेक वेळा तुम्ही कुठून निघालात ते सांगतं, कुठे राहता ते नाही. मार्केजानो हा त्यातलाच प्रकार.

१९५२ मध्ये वाइनबर्ग आणि ॲरंड या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बॉक्सिंगच्या धंद्यावर एक निबंध लिहिला. आघाडीच्या बॉक्सरांत आधी आयरिश, मग ज्यू, मग इटालियन आणि शेवटी कृष्णवर्णीय अशी पाळी कशी येत गेली हे त्यांनी दाखवलं. जो समाज शहरातल्या उतरंडीच्या तळाशी, त्याची पोरं रिंगमध्ये, आणि समाज वर सरकला की पोरं रिंग सोडतात, असा त्याचा गाभा. पण अशी मोजणी कुणी नुसत्या नावांच्या यादीवरून करायला गेलं, तर कॅलहन आयरिशांत धरला जाईल आणि डंडी स्कॉटिशांत. पाहुण्याच्या यादीवरून लग्नाचं घर ओळखण्यासारखं ते होईल.

टोपणनावांचा मामला आडनावापेक्षा निर्लज्ज आहे. आडनाव निदान माणूस स्वतः बदलतो किंवा बदलायला होकार देतो. टोपणनाव दुसरेच ठेवतात, बहुधा वर्तमानपत्रवाले. गोऱ्या बॉक्सरांची टोपणनावं पाहा. 'मनासा मॉलर', 'ब्रॉक्टन ब्लॉकबस्टर', 'ब्रॉंक्स बुल'. गावाचं नाव आणि एक दणदणीत शब्द. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत गावाच्या जागी बऱ्याचदा कातडी येते. पीटर जॅक्सन 'ब्लॅक प्रिन्स', हॅरी विल्स 'ब्लॅक पँथर', जो लुईस 'ब्राउन बॉम्बर'. क्यूबाचा एलिहिओ सार्दिन्यास, १९३१ चा जगज्जेता, तो तर 'किड चॉकलेट' याच नावानं ओळखला गेला. घरचं स्पॅनिश नाव पुसलं गेलं आणि उरला रंग. अपवाद आहेत. जॅक जॉन्सनला गावावरून 'गॅल्व्हेस्टन जायंट' म्हणत. आणि गोरा जर्मन मॅक्स श्मेलिंग हा 'ऱ्हाइनचा काळा उलान' होता! उलान म्हणजे घोडदळातला भालाईत. पण तो 'काळा' वेगळा, त्या काळेपणानं कुणाला हॉटेलात जागा नाकारली गेली नाही.

आता अली.

आमचे आजोबा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना बॉक्सिंगचं भारी वेड. ते शेवटपर्यंत 'कॅशियस क्ले'च म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "आजोबा, त्यानं नाव बदललंय ना?" तर म्हणाले, "अरे, पेपरात तेच यायचं." खरंच यायचं. २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामीत सनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्याचं नाव मुहम्मद अली झालं. तरी मोठमोठी अमेरिकी वर्तमानपत्रं कित्येक वर्षं 'क्ले'च छापत राहिली.

तो 'क्ले' कुठून आला होता? कॅशियस मार्सेलस क्ले हा एकोणिसाव्या शतकातला केंटकीचा गोरा पुढारी, गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिलेला. त्याच्या नावावरून बॉक्सरच्या वडिलांचं नाव ठेवलं गेलं आणि वडिलांवरून मुलाचं. म्हणजे नाव एका भल्या माणसाचं होतं. तरीही अलीनं त्याला गुलामीचं नाव म्हटलं, आणि मला तो बरोबर वाटतो. अमेरिकेत विकत आणलेल्या माणसांची मूळ नावं पुसली गेली. जे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं ते पुष्कळदा मालकांच्या जगातलं. मालक बरा होता की वाईट, हा त्यानंतरचा प्रश्न.

६ फेब्रुवारी १९६७ ला ह्यूस्टनमध्ये त्याची लढत होती अर्नी टेरेलशी. टेरेल स्वतः कृष्णवर्णीय. लढतीआधी तो अलीला मुद्दाम 'क्ले' म्हणत राहिला. पंधरा फेऱ्यांच्या त्या लढतीत अली ठोसे मारत होता आणि ओरडून विचारत होता, "माझं नाव काय?" ती लढत पाहवत नाही इतकी क्रूर आहे आणि अलीच्या चाहत्यांनाही ती अवघड जाते. मलाही जाते. पण नावासाठी माणूस कुठवर जाऊ शकतो, हे तिथे दिसतं.

आणि फळ्यावरचं उत्तर अर्धंच बरोबर का? अलीच्या आईचं माहेरचं आडनाव ग्रेडी. तिचे आजोबा एब ग्रेडी हे आयर्लंडमधल्या एनिस गावातून १८६० च्या दशकात केंटकीत आले आणि त्यांनी गुलामीतून सुटलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीशी लग्न केलं. सप्टेंबर २००९ मध्ये थकलेला, आजारी अली एनिसला गेला तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर आलं होतं. ज्या काळात ज्यू आणि इटालियन पोरं तिकिटासाठी आयरिश नावं घेत होती, त्या खेळात खरोखर आयरिश पणजोबा असलेल्या माणसानं अरबी नाव घेतलं. ना क्ले या नावात ग्रेडी दिसतो, ना अली या नावात. आईकडचं रक्त आडनावात येतच नाही, हे आपणही विसरतो.

गोलोवकिनचं नेमकं हेच. कझाकस्तानातल्या कारागांडाचा, वडील रशियन खाणकामगार, म्हणून आडनाव रशियन. आई कोरियन, तिचं आडनाव पार्क. १९३७ मध्ये स्टालिननं सोव्हिएत रशियाच्या पूर्व टोकाकडच्या सुमारे १ लाख ७० हजार कोरियनांना गाड्यांत भरून मध्य आशियात आणून टाकलं, म्हणून त्या प्रदेशात कोरियन वस्ती आहे. एवढा मोठा इतिहास 'गोलोवकिन' या नावात कुठेच नाही. त्याचं टोपणनाव 'ट्रिपल जी' हे मात्र मराठी माणसाला लगेच कळावं. गेनाडी गेनाडीयेविच गोलोवकिन. मधलं नाव वडिलांचं, आपल्यासारखंच! याच्या उलट कोस्त्या झू. जन्म रशियातल्या उरल भागात, पहिलं नाव रशियन, आडनाव पूर्व आशियाई, आणि कारकीर्द ऑस्ट्रेलियात, म्हणून टोपणनाव 'थंडर फ्रॉम डाउन अंडर'. तीन शब्दगटांत तीन भूभाग.

मंडळात गोव्याचे बरेच सभासद आहेत, त्यांच्यासाठी फिलिपिन्सचा उल्लेख केलाच पाहिजे. १९२३ मध्ये फ्लायवेटचा जगज्जेता झालेला पहिला आशियाई बॉक्सर फिलिपिनो होता. रिंगमधलं नाव 'पांचो व्हिया', म्हणजे मेक्सिकोच्या प्रसिद्ध क्रांतिकारकाचंच. मूळ नाव फ्रान्सिस्को गियेदो. दोन्ही नावं ऐकून स्पॅनिश वाटतो, पण होता अस्सल फिलिपिनो. १८४९ मध्ये तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरनं, क्लावेरियानं, हुकूम काढला आणि आडनावांची छापील यादीच गावोगाव पाठवली. लोकांनी त्यातून आडनावं घेतली. ज्यांच्या घरात फर्नांडिस, डिसोझा आडनाव बाप्तिस्म्याबरोबर आलं आणि पोर्तुगीज रक्ताचा थेंबही नाही, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. काही घरांत जुनं कामत किंवा प्रभू अजून आठवणीत आहे, काहींत तेही नाही.

आपल्याकडच्या बॉक्सरांचं थोडक्यात. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतला सुवर्णविजेता कौर सिंग पंजाबचा शीख. १९९८ चा सुवर्णविजेता डिंको सिंग मणिपूरचा मैतेई. २००८ च्या ऑलिंपिकचा कांस्यविजेता विजेंदर सिंग हरियाणाचा जाट. तिघांचं 'सिंग' एकच आणि तिघांचं घर, भाषा, देव वेगळे. मणिपुरात वैष्णव पंथ रुजल्यानंतर मैतेई पुरुषांच्या नावामागे सिंग आणि स्त्रियांच्या नावामागे देवी लागू लागलं. घराण्याचं नाव मात्र पुढे असतं, डिंकोचं नगांगोम. विजेंदरचं खरं सांगणारा शब्द बेनिवाल, तो तर बातमीत येतच नाही. मेरी कोमचं उलट. 'कोम' हे तिच्या जमातीचंच नाव, त्यात काहीच झाकलेलं नाही. आणि टोकियोत पदक मिळवणाऱ्या लवलिनाचं 'बोरगोहाईं' हे आहोम राजांच्या दरबारातलं मोठ्या मंत्र्याचं पद. म्हणजे पुन्हा पाटील-देशपांडेच.

पुढच्या बैठकीसाठी एक काम. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या, आपलं आडनाव कधीपासून आहे, त्याआधी काय होतं, आणि ते पहिल्यांदा कागदावर कुणी लिहिलं. आई आणि आजी यांची माहेरची आडनावंही लिहून आणा, ती विसरू नका. तिन्ही पाटलांनी शेजारी शेजारी बसावं, त्यांच्यापासूनच सुरुवात करू.